शनेलचा माग काढणारी बाई

नोकरीवरून काढलं त्याच वर्षी देशातला सगळ्यात मानाचा साहित्य पुरस्कार पदरात पडला, असं फार थोड्यांच्या नशिबी येतं. एडमोंद शार्ल-रूच्या आलं, १९६६ साली. फ्रेंच ‘व्होग’ या फॅशन मासिकाची ती बारा वर्षं मुख्य संपादक होती. मुखपृष्ठावर एका कृष्णवर्णीय तरुणीचा फोटो छापायचं तिनं मनात घेतलं, वरच्यांना ते रुचलं नाही, ती मागे हटेना, आणि बाईंना नारळ मिळाला. त्याच वर्षी तिची पहिली कादंबरी बाहेर पडली, ‘उब्लिए पालेर्म’. नोव्हेंबरात तिला गोंकूर जाहीर झालं. वय वर्षं शेहेचाळीस.

तिच्याबद्दल जे थोडंफार लिहिलं जातं ते बहुतेक या गोष्टीपाशी येऊन थांबतं. गोष्ट आहेच तशी खमंग. पण माझ्या लेखी तिचं मोठं काम त्यानंतरचं आहे. कपड्यांवर लिहिणारे बहुतेक लोक एकतर आरती ओवाळतात, नाहीतर नाक मुरडतात. एडमोंद झडती घेते. खिसे उलटे करून बघते, अस्तर उसवते, आणि आत काय शिवून लपवलं होतं ते आपल्यासमोर ठेवते.

माझी तिची गाठ एका सिनेमाच्या श्रेयनामावलीत पडली. ‘कोको आव्हाँ शनेल’ हा २००९ चा सिनेमा, ऑद्रे तोतू त्यात तरुण कोको शनेल, ती विख्यात फ्रेंच फॅशनकार, झाली आहे. सिनेमा संपला, घरातले उठून जेवायच्या तयारीला लागले, तरी शेवटपर्यंत नावं वाचत बसायची मला जुनी खोड. त्यात एडमोंदच्या पुस्तकाचं नाव दिसलं, ‘लिरेग्युलिएर’, शनेलचं चरित्र. शोधाशोध करून इंग्रजी अनुवाद मिळवला आणि पहिल्या पन्नास पानांतच कळलं की सिनेमानं या पुस्तकातलं सगळ्यात सोपं तेवढं उचललंय. मग बाईंच्याच मागे लागले.

शार्ल-रू घराणं मार्सेयचं. आपल्याला मार्सेय म्हटलं की सावरकरांची उडी आठवते. १९१० च्या जुलैत ‘मोरिया’ बोटीतून ज्या बंदरात त्यांनी समुद्रात झेप घेतली, त्या शहरात तेव्हा एडमोंदच्या आजोबांचा, ज्यूल शार्ल-रू यांचा, मोठा दबदबा होता. साबणाचा कारखाना, बोटींचा धंदा, खासदारकी. १९०६ साली मार्सेयला फ्रेंच वसाहतींचं भव्य प्रदर्शन भरलं त्याचे कर्तेधर्ते तेच. वडील फ्रान्स्वा परराष्ट्र खात्यात. एडमोंद जन्मली १७ एप्रिल १९२० ला, पॅरिसला लागून असलेल्या न्यूयीत, पण वाढली वडिलांच्या बदल्यांबरोबर: आधी प्राग, मग रोम. तिथे वडील व्हॅटिकनमध्ये फ्रान्सचे राजदूत होते. पुढे हेच गृहस्थ सुएझ कालव्याच्या कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९५६ साली इजिप्तच्या नासरनं कालवा ताब्यात घेतला तेव्हा खुर्चीवर तेच होते. ज्या कालव्यानं मुंबई बंदराचं नशीब पालटलं, त्याच्या कंपनीचा शेवटचा अध्यक्ष म्हणजे एडमोंदचा बाप.

अशा घरातल्या मुलीचा पुढचा रस्ता आखलेलाच असतो. इटालियन उत्तम, टेबलावर कुठल्या पाहुण्याशेजारी कुणाला बसवायचं याची जाण, आणि वेळ झाली की तोलामोलाचं स्थळ. एडमोंदनं नर्सिंग शिकून घेतलं होतं. १९३९ ला युद्धाला तोंड फुटलं तेव्हा एकोणीस वर्षांची ही मुलगी अँब्युलन्सवर स्वयंसेविका म्हणून गेली, आणि तीही फॉरेन लिजनच्या एका रेजिमेंटबरोबर. लिजन म्हणजे देशोदेशीचे, नावं बदललेले, मागचं आयुष्य पुसून आलेले शिपाई. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. राजदूताच्या मुलीला असली संगत कुठून मिळणार होती? वर्दूनला बाँबहल्ल्यात एका जखमी शिपायाला मदत करताना ती स्वतः जखमी झाली. त्याबद्दल तिला क्र्वा द गेर हे शौर्यपदक मिळालं.

मला वाटतं, पुढे ज्या माणसांवर ती वर्षानुवर्षं लिहीत राहिली त्यांची पहिली ओळख तिला इथेच झाली. पण ते नंतर. त्याआधी मोंत्रदोंचे पडदे सांगायलाच हवेत.

फ्रान्स कोसळल्यावर ती मार्सेयला परतली. शहराच्या दक्षिणेला मोंत्रदोंमध्ये लिली पास्त्रे या काउंटेसचा वाडा होता. नॉयी प्रा ही वर्मूथ बनवणारी प्रसिद्ध पेढी, त्या घरची ती लेक. पैसा बक्कळ, स्वभाव लहरी, पण माणुसकीला पक्की. तिनं वाड्याची दारं सताड उघडली. नाझींना चुकवत दक्षिणेत आलेले संगीतकार, चित्रकार, नाटकवाले तिथे आसऱ्याला आले, त्यांत ज्यू बरेच. पियानोवादक क्लारा हास्किल त्यातलीच. १९४२ च्या जुलैत या मंडळींनी वाड्याच्या बागेत रात्री शेक्सपिअरचं ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ बसवलं. कापड रेशनवर, तेही मिळेल तेव्हा. पऱ्या, राण्या, ॲथेन्सचे सरदार यांना नेसवायचं काय? क्रिस्तियाँ बेरार हा पॅरिसचा नामी चित्रकार तिथे होता. त्यानं वाड्याचे पडदे उतरवायला लावले आणि त्यातून पोशाख बेतले. एडमोंद या गोतावळ्यातली.

पडद्याचं कापड अंगावर घालायला घेतलं की काय होतं ते शिवणकाम करणाऱ्या कुणालाही विचारा. पडतं झकास, पण खांद्यावर बसत नाही. आणि वर्षानुवर्षं ऊन खाल्लेलं असेल तर चुणीचुणीला रंग उडालेले पट्टे असतात, ते बेतताना आत दडवावे लागतात. बाहेर जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारचं पोलीसराज, पुढच्या महिन्यात मार्सेय परिसरातून ज्यूंना पकडून नेणाऱ्या गाड्या, आणि आत ही माणसं उडालेला रंग कुठल्या निऱ्यांत लपेल याची चर्चा करतायत. हे वाचताना पहिल्यांदा मला चीड आली होती. इतकं काय ते नाटकाचं! मग लक्षात आलं की त्या बागेतल्या कित्येकांना त्या रात्री वेषांतर ही हौसेची बाब नव्हतीच. खिशात खोटे कागद, तोंडात खोटं नाव. राणीचा झगा हा त्यातल्या त्यात प्रामाणिक वेष.

नंतर एडमोंद प्रतिकार चळवळीत गेली. ऑगस्ट १९४४ मध्ये दोस्त फौजा प्रोव्हाँसच्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा जनरल द लात्रच्या सैन्यात दाखल झाली, पाचव्या चिलखती डिव्हिजनबरोबर थेट ऑस्ट्रियापर्यंत पोचली आणि वाटेत पुन्हा जखमी झाली. लिजननं पुढे तिला मानाची कॉर्पोरल केलं. गोंकूरपेक्षा या पट्टीचा तिला जास्त अभिमान असावा असा माझा आपला तर्क आहे. उतारवयातले तिचे फोटो पाहा: केस मागे घट्ट ओढून बांधलेला अंबाडा, ताठ पाठ, अंगात बेतशीर जाकीट. फॅशनच्या जगातली बाई कमी आणि परेडला उभी जास्त वाटते.

युद्ध संपल्यावर १९४६ साली तिनं ‘एल’ या नव्या कोऱ्या साप्ताहिकात नोकरी धरली. १९४७ च्या फेब्रुवारीत क्रिस्तियाँ दिओरनं ‘न्यू लुक’ आणला. कंबर मुठीत मावेल अशी आणि घागऱ्याला कापड मीटरांच्या हिशेबात. त्याच वर्षी मोंमार्त्रच्या रु लपिक या भाजीबाजाराच्या रस्त्यावर हे कपडे घालून मॉडेलचे फोटो काढायला मंडळी गेली. भाजी घ्यायला आलेल्या बायकांनी त्या मुलीला घेरलं, केस ओढले, झगा फाडला. पावासाठी रांगेत उभं राहायचं, पोरांना दुधाची मारामार, आणि ही बया वीसवीस वार कापड फरपटत चाललीय! ते फोटो आजही बघायला मिळतात. फॅशनचा इतिहास लिहिणारे दिओरचा घेर मोजतात. मला त्यात स्वेटर घातलेली, बाह्या सरसावलेली, झग्याला हात घालणारी बाई दिसते आणि हटत नाही.

एडमोंदला या दोन्ही बायका दिसत होत्या, हे तिचं वैशिष्ट्य. दिओरची ती चाहती होती, पुढे सँ लोराँ, उंगारो या फॅशनकारांच्या पाठीशीही उभी राहिली. १९४८ ला ‘व्होग’मध्ये गेली, १९५४ ला मुख्य संपादक झाली, आणि मासिक हळूहळू बदलत गेलं. व्हायोलेत लदुकसारखी लेखिका तिथे लिहू लागली, गी बुर्दँ आणि विल्यम क्लाइनसारखे छायाचित्रकार तिथे चमकले. झगमगीत पानांच्या मधोमध चांगलं गद्य यायचं. लुई आरागों आणि एल्सा त्रिओले या कम्युनिस्ट जोडप्याशी तिची दोस्ती होती, हे ‘व्होग’ घेणाऱ्या किती घरांना पसंत पडलं असतं कोण जाणे. मोरिस द्र्युओंच्या ‘ले रुआ मोदी’ या मध्ययुगीन राजघराण्यावरच्या गाजलेल्या कादंबरीमालिकेच्या कामातही तिचा हात होता. द्र्युओंनं आभार मानलेल्या सहायकांत तिचं नाव आहे. म्हणजे दिवसा यंदाच्या हंगामाची स्कर्टची लांबी आणि एरवी चौदाव्या शतकातली विषप्रयोगाची प्रकरणं.

मग १९६६. त्याचा एक पुढचा धागा मात्र सांगते. फ्रेंच ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर कृष्णवर्णीय चेहरा आला तो १९८८ च्या ऑगस्टमध्ये, नाओमी कॅम्पबेलचा. आणि त्यासाठी सँ लोराँनं जाहिराती काढून घेण्याची धमकी दिली होती असं नाओमीनंच सांगितलेलं आहे. बावीस वर्षं लागली, आणि तीही एडमोंदनं ज्याची पाठराखण केली त्या माणसाच्या दमदाटीनं.

आता शनेल.

कोको शनेल १० जानेवारी १९७१ ला पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात वारली, सत्त्याऐंशीव्या वर्षी. जिवंत असेतो तिनं आपलं चरित्र कुणाला धड लिहू दिलं नाही. लुईझ द व्हिल्मोरँपासून मिशेल देओंपर्यंत नावाजलेल्या लेखकांना बोलावून तिनं आठवणी सांगितल्या, आणि प्रत्येकाला वेगळ्या. आई लवकर गेली, बाप अमेरिकेला नशीब काढायला गेला, आपण कडक शिस्तीच्या आत्यांकडे वाढलो, असा एकंदर बाज. जन्मसालाचाही भरवसा नाही. दहाएक वर्षं तिनं सहज गिळली होती.

एडमोंद तिला जवळून ओळखायची. म्हणजे हे सगळं खोटं समोर बसून ऐकलेलं. शनेल गेल्यावर तिनं चौकशी सुरू केली ती पॅरिसच्या दिवाणखान्यांतून नव्हे, तर गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्यांतून. सोम्यूर गावच्या १८८३ च्या वहीत १९ ऑगस्टची नोंद मिळते: गरिबांच्या इस्पितळात जन्मलेली मुलगी, नोंद करायला बाप हजर नाही, इस्पितळातली माणसं गेलेली, आणि आडनावात एक जास्तीचं अक्षर घुसलेलं, ‘शास्नेल’. आईबापांचं तोवर लग्न झालेलं नव्हतं. बाप अल्बेर हा आठवडी बाजार करणारा फिरता विक्रेता. आज या गावात, उद्या त्या. त्याच्याही मागे एडमोंद जाते, सेव्हेन डोंगरातल्या पोंतेय या खेड्यापर्यंत, जिथे शनेलच्या पणजोबाची खानावळवजा दारूचा गुत्ता होता. गावाचा जीव चेस्टनटच्या झाडांवर. झाडांना रोग पडला, माणसं डोंगर उतरून पोटामागे फिरू लागली. शनेल घराणं बाजाराच्या वाटेला लागलं ते असं.

मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. हंगाम बुडाला की गाव उठतं, हे आपल्याकडे अजून चालूच आहे. पण अत्तराच्या बाटलीवर नाव असलेल्या बाईचं चरित्र झाडांच्या रोगापासून सुरू करायचं, याला इतिहासकाराची नजर लागते. घुर्ये यांनी मुंबईत बसून भारतीय पोशाखावर ग्रंथ लिहिला तेव्हा विद्वानांच्या जगातही त्यांच्यासारखे कमीच होते. मासिकाच्या संपादक बाईकडून ही अपेक्षा कुणी केली असेल असं वाटत नाही.

आई १८९५ साली वारली. बापानं पोरी ओबाझीनच्या मठातल्या अनाथाश्रमात पोचवल्या आणि तो जो गेला तो पुन्हा उगवला नाही. ‘ओबाझीन’ हे नाव शनेलनं जन्मात उच्चारलं नाही. एडमोंदनं ते खणून काढलं. बाराव्या शतकातला सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचा मठ, पांढऱ्या भिंती, काळे दरवाजे, नक्षी म्हणाल तर जमिनीवर खडे बसवून केलेली तेवढीच. आत्या नव्हत्याच, त्या जोगिणी होत्या. शनेलच्या काळ्यापांढऱ्या रंगांचं मूळ इथे आहे असं पुढे इतक्यांनी लिहिलं की त्याचं आता गुळगुळीत नाणं झालंय. मला त्याहून मोलाची वाटते ती एडमोंदची चिकाटी. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला टाकून गेलेला बाप त्या मुलीनं म्हातारपणापर्यंत अमेरिकेत श्रीमंत करून ठेवला. एडमोंद या खोट्यावर बोट ठेवते आणि मग काही पानं गप्प बसून पुरावे देत राहते. कुठेही ‘बघा, पकडलं’ असा सूर नाही.

पुढचा प्रवास बऱ्याच जणांना सिनेमामुळे ठाऊक आहे: मुलँ गावात दुकानात शिवण, रात्री लष्करी अधिकाऱ्यांपुढे गाणी, एतिएन बालसांच्या रुआयाल्यू इथल्या इस्टेटीवर ठेवलेल्या बाईचं जिणं, मग बॉय केपल हा इंग्रज प्रियकर, त्याच्या पैशानं १९१० ला रु कॉम्बोंवर टोप्यांचं दुकान. एडमोंद या सगळ्यात कपड्यावरची नजर ढळू देत नाही. इस्टेटीवरच्या इतर बाया पिसं, लेस, कॉर्सेट घालून मिरवायच्या. शनेल घोड्यावर बसायला पुरुषी विजार शिवून घ्यायची. ‘ठेवलेली’ दिसायचं नाही, हा तिचा हट्ट. आणि मग महायुद्ध. दोव्हिलच्या समुद्रकाठी श्रीमंत बायका पॅरिस सोडून आल्या, नोकरचाकर आघाडीवर गेलेले, कॉर्सेटच्या नाड्या आवळायला घरात कुणी नाही. कापडाची टंचाई. रोदिए या गिरणीवाल्याकडे जर्सी कापड पडून होतं, आपल्या भाषेत बनियनचं कापड, जे पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरायचे. शनेलनं ते उचललं आणि त्याचे झगे केले. कुठल्याही बाईला स्वतःच्या हातांनी चढवता-उतरवता येतील असे. एका बाजूला हुशारी, दुसऱ्या बाजूला गिरणीतला न खपलेला माल आणि घरातली गेलेली मोलकरीण. एडमोंद दोन्हींचं वजन करते.

शनेलचं ते प्रसिद्ध जाकीट मी एकदा एका प्रदर्शनात जवळून पाहिलं. मांडणाऱ्यांनी मुद्दाम आतली बाजू दिसेल असं टांगलं होतं. अस्तर नुसतं लावलेलं नाही, ट्वीडला उभ्या टिपा मारून जोडलेलं आहे. काखेचा काप वर चढवलेला, म्हणजे हात उचलला तरी जाकीट जागचं हलत नाही. खिसे खरे, काजी खऱ्या. आणि खालच्या कडेला आतून बारीक साखळी शिवलेली, का तर जाकीट खाली नीट पडावं. साडीला फॉल लावून घेणाऱ्या कुणालाही ती साखळी बघताक्षणी कळेल. बाहेरून तिचा पत्ता लागत नाही. एडमोंदच्या पुस्तकाची शिवण मला त्याच जातीची वाटते. ज्या कडेला पुरावा शिवलाय ती वाचताना दिसत नाही, पण सगळं त्यामुळेच जागेवर राहतं.

या पुस्तकातला अवघड भाग म्हणजे दुसरं महायुद्ध. इथे दोघींचे रस्ते समोरासमोर येतात. शनेलनं १९३९ ला शिवणघर बंद केलं आणि जर्मनांनी ताब्यात घेतलेल्या रिट्झमध्ये ती राहिली, हान्स ग्युंथर फॉन डिंकलागे या जर्मन माणसाबरोबर. अत्तराच्या कंपनीत तिचे भागीदार असलेले व्हेर्थायमर बंधू ज्यू होते. १९४१ साली ज्यूविरोधी कायद्यांचा आधार घेऊन ती कंपनी हडपायचा तिनं प्रयत्न केला. आणि १९४३-४४ च्या हिवाळ्यात वॉल्टर शेलेनबर्ग या नाझींच्या एसएस दलाच्या गुप्तहेर प्रमुखाच्या संमतीनं ती माद्रिदला गेली, चर्चिलची जुनी ओळख वापरून तहाचा निरोप पोचवायला. मोहिमेचं नाव ‘मोडेलहूट’, म्हणजे नमुन्याची टोपी! मोहीम फसली. हे प्रकरण एडमोंदनं १९७४ च्या पुस्तकात चव्हाट्यावर मांडलं, शनेलला जाऊन जेमतेम तीन वर्षं झाली असताना, त्या कटात सामील असलेल्या जर्मन माणसाची साक्ष मिळवून.

जिनं स्वतः त्याच जर्मनांविरुद्ध जखमा झेलल्या, ती शनेलला कशी वागवते? मला वाटलं होतं आता झोडपणार. झोडपत नाही. ती या प्रकाराकडे एका आढ्यतेखोर, एकाकी, जगातल्या बड्या माणसांना आपण घरगुती शब्दानं वळवू शकतो असा भ्रम झालेल्या बाईचा अचाट उद्योग म्हणून बघते. २०११ साली हॅल व्हॉन या अमेरिकी पत्रकारानं दफ्तरखान्यातले कागद काढून दाखवलं की शनेलची जर्मन लष्करी हेरखात्यात एजंट म्हणून नोंद होती, क्रमांकासकट. ते वाचल्यावर एडमोंदची पानं मला मऊ वाटू लागली. माझी एक मैत्रीण याहून कडक आहे. तिचं म्हणणं, फॅशनवाल्यांनी आपल्या देवीला वाचवलं, आणि एडमोंद शेवटी त्यांच्यातलीच. मला एवढं मान्य नाही. वाचवायचंच असतं तर हे प्रकरण उकरायची गरजच नव्हती, तेव्हा त्याची फारशी कुणाला खबरही नव्हती. पण व्हेर्थायमर प्रकरणात बाईंनी आणखी जोर लावायला हवा होता, हे मैत्रिणीचं म्हणणं मला खोडता येत नाही. तहाचा निरोप हा भ्रम म्हणता येईल. भागीदाराचा धर्म सरकारला कळवून त्याचा हिस्सा मागणं याला भ्रम म्हणता येत नाही.

शनेलनंतर तिनं निवडलेली माणसं बघा. डॉन हुआन, स्पेनच्या सम्राटाचा अनौरस मुलगा, साध्या माणसांच्या घरी दुसऱ्याच नावानं वाढला आणि १५७१ ला लेपांतोची लढाई जिंकून आला. फुल्को दी व्हेर्दुरा, पालेर्मोचा सरदारपुत्र, शनेलसाठी दागिने घडवणारा. त्याचं सिसिलीतलं बालपण तिनं शब्दांत उतरवलं. आणि इझाबेल एबेरहार्ट. या इझाबेलवर १९८८ आणि १९९५ साली तिनं दोन जाडजूड खंड लिहिले. जिनिव्हात १८७७ साली जन्मलेली रशियन बाईची मुलगी, बापाचा रकाना कोरा. ती अल्जीरियात गेली, अरब पुरुषाचा बर्नूस अंगावर चढवला, सी महमूद असं नाव घेतलं, घोड्यावरून वाळवंट तुडवलं, आणि सत्ताविसाव्या वर्षी एन सेफ्रात अचानक आलेल्या पुरात बुडाली. ज्या आजोबांनी वसाहतींचं प्रदर्शन भरवलं त्यांची नात वसाहतीतल्या अधिकाऱ्यांना डोकेदुखी झालेल्या बाईमागे वर्षानुवर्षं फिरली, हे मला घराण्याचं उट्टं काढल्यासारखं वाटतं. अर्थात दुसरा खंड जरा आवरायला हवा होता. वाळवंट पन्नास पानांत आटोपलं असतं.

गोंकूर मिळालं तेव्हा मार्सेयचे महापौर गास्तों देफेर यांनी तिला शहराचं पदक दिलं. १९७३ साली दोघांनी लग्न केलं. हे देफेर समाजवादी नेते, प्रतिकार चळवळीतले, पुढे गृहमंत्री झाले आणि फ्रान्समध्ये सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा कायदा त्यांनीच आणला. पण गृहस्थांची माझ्यासाठी खरी ख्याती वेगळी. १९६७ साली भर संसदेत त्यांनी रने रिबिएर या सत्ताधारी खासदाराला ‘गप बस, मठ्ठा’ म्हणून सुनावलं. माफी मागायला नकार. रिबिएरनं द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं, आणि न्यूयीतल्या एका बागेत दोन सभ्य गृहस्थ सदऱ्याच्या बाह्या दुमडून खरोखर तलवारी घेऊन उभे राहिले. देफेरनी दोनदा जखम केली. फ्रान्समधलं ते शेवटचं द्वंद्वयुद्ध धरलं जातं. आपल्या विधानसभेत हे सुरू झालं तर काय, असा विचार मी करून पाहिला आणि सोडून दिला.

१९८६ मध्ये देफेर गेले. ती मार्सेयशी बांधलेली राहिली. १९८३ पासून गोंकूर अकादमीत होती, २००२ ला तिची अध्यक्ष झाली आणि २०१४ पर्यंत राहिली, म्हणजे वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षापर्यंत. द्रुआँ या रेस्तराँत जेवणाच्या टेबलावर पुरस्कार ठरतो, धनादेश फक्त १० युरोंचा, आणि त्या १० युरोंच्या जोरावर पुस्तकाच्या लाखो प्रती खपतात. तिच्या अध्यक्षपदाच्या काळात, २००९ साली, गोंकूर मारी न्दियाए हिला मिळालं. हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. जानेवारी २०१६ मध्ये, पंच्याण्णव वर्षांची असताना, एडमोंद मार्सेयला वारली.

वाचायला सुरुवात करायची तर शनेलच्या पुस्तकानंच करा. फ्रेंच येत असेल तर उत्तमच, नाहीतर इंग्रजी अनुवाद जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, ऑनलाइन सापडतो. सुरुवातीचे आठवडी बाजार, डोंगर, चुलते-मावसभाऊ यांत वाचक हमखास अडखळतो. मीही पानं उलटून पुढे जाण्याच्या बेतात होते. आणि मराठीत कुणी हे पुस्तक आणायचं मनावर घेतलंच, तर प्रकाशक पानं वाचवायला याच भागाला कात्री लावायला सांगेल. लावू नका. पोंतेय, सोम्यूर, ओबाझीन, मुलँ ही सगळी गावं, ते सगळे बाजारहाट, जसेच्या तसे येऊ द्या. शनेलनं नेमकं तेवढंच गाळलं होतं.